खरखरीला किती बिट लागतात?

समजा तुमच्या घरी, पारोळ्याला, चोपड्याला किंवा शिरपूरला, आजोबांच्या काळातल्या तबकड्या निघाल्या. माळ्यावरच्या पेटीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. शेजारी २००० च्या आसपासच्या काही सीडी पण आहेत. संशोधनासाठी म्हणा, हौसेखातर म्हणा, तुम्ही हे सगळं संगणकात उतरवायचं ठरवलं. प्लेअर जोडला, सॉफ्टवेअर उघडलं, आणि त्यानं पहिलाच प्रश्न विचारला: १६ बिट, २४ बिट, की ३२ बिट फ्लोट?

बहुतेक जण इथे सगळ्यात मोठा आकडा निवडतात, नाहीतर जो आधीच निवडलेला असतो तोच राहू देतात. मी पदवीच्या वर्षाला असताना दुसरं केलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. आधी हा आकडा आला कुठून ते बघू, कारण त्याचा इतिहास कळला की उत्तर अर्धं तिथेच मिळतं.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला सतत होणारा बदल. तो आकड्यांत लिहायचा तर दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. एका सेकंदात किती वेळा मोजायचं, आणि प्रत्येक मोजमाप किती बारीक पायऱ्यांच्या पट्टीवर करायचं. ही दुसरी गोष्ट म्हणजे बिट डेप्थ. ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, १२ बिट म्हणजे ४,०९६, १६ बिट म्हणजे ६५,५३६ आणि २४ बिट म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. मोजमाप दोन पायऱ्यांच्या मधे पडलं की जवळच्या पायरीवर ढकलायचं. या ढकलाढकलीत जी चूक होते तीच आपल्याला गोंगाट म्हणून ऐकू येते. एक बिट वाढवला की हा गोंगाट साधारण ६ डेसिबलनं खाली जातो. १६ बिटला सर्वात मोठा आवाज आणि हा गोंगाट यांत सुमारे ९८ डेसिबलचं अंतर पडतं.

ही कल्पना संगीतासाठी जन्मली नाही, टेलिफोनसाठी जन्मली. अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्यानं १९३८ मध्ये पॅरिसला असताना आवाज आकड्यांत पाठवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तेव्हा ते परवडेल असं यंत्रच नव्हतं. १९४८ मध्ये बेल लॅबमधल्या विल्यम बेनेट यांनी ढकलाढकलीच्या चुकीचं गणित मांडलं. त्याच वर्षी, त्याच संस्थेतून शॅननचा प्रसिद्ध लेख आला. टेलिफोनवाल्यांनी पुढे काटकसरीची युक्ती काढली. हळू आवाजासाठी पायऱ्या बारीक, मोठ्या आवाजासाठी जाड. त्यामुळे फक्त ८ बिटांत १२-१३ बिटांची बारकाई हळू आवाजाला मिळते. आपल्या लँडलाइनवर हीच पद्धत होती. त्यामुळे ‘८ बिट म्हणजे वाईट’ असं सरसकट म्हणू नका, पायऱ्या कशा आखल्यात तेही विचारा.

सीडीच्या १६ बिटांमागे मात्र सरळ सरळ भांडण आहे. फिलिप्सचा आग्रह १४ बिटांचा होता, सोनीचा १६ चा. १९८० मध्ये दोघांनी मिळून मानक ठरवलं तेव्हा १६ वर शिक्का बसला. पण फिलिप्सकडे १४ बिटांची चिप तयार होती. मग त्यांनी चौपट वेगानं नमुने काढून आणि चुकीचा गोंगाट ऐकू न येणाऱ्या उंच स्वरांकडे ढकलून त्याच चिपमधून १६ बिटांच्या जवळपासचं काम काढून घेतलं. हरलेल्या बाजूनं वापरलेली ही युक्ती आजच्या जवळजवळ प्रत्येक ध्वनिचिपमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. ४४,१०० हा विचित्र आकडा तर व्हिडिओटेपमुळे आला. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवत. एका ओळीत ३ नमुने, एका फील्डमध्ये २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करून बघा. युरोपची पद्धत घेतली तरी ३ गुणिले २९४ गुणिले ५०, तेच उत्तर. १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला आणि हा आकडा आपल्या गळ्यात पडला तो पडलाच.

त्याच दशकात अमेरिकेतली पोरं जुन्या एलपीमधून तुकडे कापून नवी गाणी रचत होती. त्यांची १९८७ ची एसपी-१२०० ही पेटी १२ बिटांची होती आणि तिच्यात सगळे मिळून सुमारे १० सेकंदच मावायचे. मग ते ३३ ची तबकडी ४५ वर फिरवून घाईघाईत नमुना घ्यायचे आणि पेटीत तो परत खाली आणायचे. वेळ वाचायचा, आवाज खरबरीत व्हायचा. पुढे लोकांना तो खरबरीतपणाच आवडायला लागला. त्यांच्यासाठी कमी बिट ही चव होती. आपल्याला ती मुभा नाही, कारण आपण गाणं रचत नाही, पुरावा जमवतो.

आता तबकडीकडे या. भारतातलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं. फ्रेड गैसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस यंत्र घेऊन आला होता, गोहर जान त्याच्यासमोर गायल्या, आणि तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला गेल्या. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाल्यावर त्या इथेच छापल्या जाऊ लागल्या. ७८ ची तबकडी लाखेची असते. झाडावरच्या किड्यापासून मिळणारी आपली तीच लाख, तिच्यात दगडाची पूड वगैरे कालवलेली. ही पूड मुद्दाम घालत, कारण सुई जड असायची आणि तिनं तबकडी झिजवण्याआधी तबकडीनं तिला घासून योग्य आकार द्यावा अशी व्यवस्था होती. म्हणजे खरखर हा तबकडीचा आजार नाही, तिच्या रक्तातच ती आहे.

या खरखरीमुळे लाखेच्या तबकडीत सर्वात मोठा आवाज आणि पार्श्वगोंगाट यांतलं अंतर साधारण ३० ते ४० डेसिबल मिळतं. सहाने भागा: ५ ते ७ बिट. चांगल्या स्थितीतल्या विनाइल एलपीला ६० ते ७० डेसिबल, म्हणजे १० ते १२ बिट. मग प्रश्न असा की ज्या वस्तूत मुळात ७ बिटांचीच माहिती आहे ती २४ बिटांच्या पट्टीनं मोजणं हा शुद्ध वेडेपणा नाही का?

मला पूर्वी तसंच वाटायचं. अमळनेर तालुक्यात मामांच्या घरी चावीचा फोनो होता, आणि लाखेच्या दहा-बारा तबकड्या. मी नुकताच सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर शिकलो होतो, त्यामुळे डोक्यात वारं गेलेलं. वरचा हिशेब मांडला, १६ बिट म्हणजे चैनच असं ठरवलं, पहिल्या गाण्याच्या आवाजावरून पातळी लावली आणि एका दुपारी सगळ्या तबकड्या उतरवल्या. मग खरखर काढायचं फिल्टर लावलं, एमपी-३ बनवलं, आणि पेन ड्राइव्हमध्ये जागा कमी म्हणून मूळ फाइली उडवल्या. घरच्यांना आवाज ‘एकदम साफ’ वाटला. मीही खूश.

पुढे दोन वर्षांनी घराचं बांधकाम निघालं, सामान हललं, आणि ती पेटी पडली. लाखेची तबकडी वाकत नाही, तडकते. एकही वाचली नाही.

आज त्या एमपी-३ ऐकतो तेव्हा तीन चुका वेगवेगळ्या ऐकू येतात, आणि त्या तुम्हाला नीट सांगतो, कारण तिन्ही बिटांशी निगडित आहेत.

पहिली चूक पातळीची. तबकडीवरचा ओरखडा सुईखालून जातो तेव्हा ‘टक्’ आवाज होतो तो गाण्यापेक्षा १०-२० डेसिबल मोठा असू शकतो. मी पातळी गाण्यावर लावली, त्यामुळे प्रत्येक ‘टक्’ पट्टीच्या वर गेला आणि कापला गेला. कापलेला टक् सपाट माथ्याचा होतो. नंतर टक् शोधून काढणारं सॉफ्टवेअर त्याचं टोकदार रूप ओळखतं, सपाट माथा त्याला नीट ओळखता येत नाही. ओरखड्यांसाठी वर १८ डेसिबल मोकळे सोडायचे म्हटलं तर ३ बिट तिथेच गेले.

दुसरी चूक खालच्या सुरांची. तबकडी कोरताना खर्ज दाबलेला असतो आणि उंच स्वर उचललेले असतात, नाहीतर खर्जाच्या लाटांमुळे खोबणी शेजारच्या खोबणीत शिरेल. वाजवताना हे उलटं करावं लागतं. एलपीसाठी याचं एक मानक १९५० च्या दशकात रूढ झालं. पण त्याआधीच्या तबकड्यांत कंपनी तशी वक्ररेषा, काळ तशी वक्ररेषा. त्यामुळे जाणकार लोक जुनी तबकडी कुठलीच दुरुस्ती न करता जशी आहे तशी उतरवतात आणि वक्ररेषा नंतर संगणकात लावतात, म्हणजे चुकली तर बदलता येते. पण नंतर खर्ज २० डेसिबल वर उचलायचा तर त्याच्या पोटातला ढकलाढकलीचा गोंगाटही २० डेसिबल वर येणार. आणखी ३ बिट गेले.

७ अधिक ३ अधिक ३: तेरा. अजून सोळाच्या आतच आहोत, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. ‘२४ बिटाशिवाय लाखेची तबकडी ऐकूच येत नाही’ असं कोणी सांगत असेल तर तो थापा मारतोय. पण एक बारीक गोष्ट या बेरजेत राहिली. गोंगाटाची पातळी आपण सगळ्या स्वरांची मिळून एकत्र मोजतो. कान तसं मोजत नाही. कान एका वेळी एका अरुंद पट्ट्यात ऐकतो, म्हणून एकूण खरखरीच्या बऱ्याच खाली असलेला एखादा बारीक सूरही आपल्याला ऐकू येतो. बाजारातल्या कलकलाटात आपल्या माणसाची हाक ऐकू येते ना, तसंच. म्हणजे खरखर जिथे सुरू होते तिथे माहिती संपत नाही. ७ बिटांचा हिशेब हा किमान आहे, तोही फार हावरा किमान.

इथेच या विषयातली मला सर्वात आवडणारी गोष्ट येते. जळगावच्या बाजारातला वजनकाटा डोळ्यांपुढे आणा. काटा समजा दहा-दहा किलोच्याच पायऱ्या दाखवतो. गाडी स्थिर उभी असेल तर १,२३४ किलोची गाडी तुम्ही शंभरदा मोजा, शंभरदा १,२३०च येणार. पण गाडीवर चार पोरं उड्या मारत असतील तर काटा दर वेळी वेगळा आकडा दाखवेल, कधी कमी, कधी जास्त. पोरांचं सरासरी वजन वजा करून शंभर वाचनांची सरासरी काढा, १,२३४ च्या अगदी जवळ याल. हलण्यामुळे मोजमाप बिघडलं नाही, सुधारलं. डिजिटल मोजमापात मुद्दाम असा गोंगाट मिसळण्याला डिदर म्हणतात. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते चित्रांसाठी दाखवलं. कॅनडातल्या व्हँडरकूय आणि लिपशिट्झ या जोडीनं १९८४ मध्ये ते आवाजासाठी व्यवस्थित सिद्ध केलं: नीट डिदर केलं तर सर्वात खालच्या पायरीच्याही खालचा सूर टिकतो.

आता तबकडीची खरखर आठवा. ती फुकटचं डिदर आहे! तबकडी स्वतःच गाडीवर उड्या मारते. म्हणून ती १६ बिटांत उतरवताना वेगळं डिदर घालावं लागत नाही. पण एकदा का तुम्ही खरखर काढली, आणि मग १६ बिटांत जतन केलं, की उड्या मारणारी पोरं उतरली आणि गाडी स्थिर झाली. आता गाण्याची शेवटची विरत जाणारी तान पायऱ्यापायऱ्यांनी तुटते. ही माझी तिसरी चूक, आणि तिघींत सर्वात वाईट. काढायची ती गोष्ट मी आधी काढली आणि मोजायची ती नंतर मोजली.

धुळ्यात राहून हे माझ्या लक्षात आलं नाही याची मला जास्त लाज वाटते. वि. का. राजवाड्यांचं शेवटचं काम धुळ्यातलं, ३१ डिसेंबर १९२६ ला ते तिथेच गेले, आणि राजवाडे संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी उभं राहिलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिली गोष्ट शिकायला मिळते ती ही की साधन वेगळं आणि त्यावरचं मत वेगळं. पत्र छापायचं ते पत्र म्हणून, त्यावरचा युक्तिवाद प्रस्तावनेत. मी काय केलं? पत्राला डाग आहेत म्हणून पत्र धुतलं, आणि धुतलेलंच जपून ठेवलं.

खान्देशात हे जरा जास्तच जपायला हवं, असं मला वाटतं. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात खान्देशी आली ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ मध्ये, भिल्ल भाषांच्या शेजारी. ती मराठीजवळची की गुजरातीजवळची हा वाद तेव्हापासून आजतागायत चालूच आहे. तो कागदावर पुरता मिटणार नाही, कारण श्वास किती सुटतो, स्वर किती लांबतो हे अक्षर सांगत नाही. बहिणाबाई चौधरींचंच बघा. आसोद्यात १८८० मध्ये जन्म, अक्षरओळख नाही, सगळी रचना मुखातून. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ती उतरवून घेतली म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक आलं. शब्द वाचले. आवाज? जात्यावर बसून त्या कुठे थांबत, कुठे हेल काढत, हे आपल्याला कधीच कळणार नाही. ‘मानिनी’ (१९६१) चित्रपटात वसंत पवारांच्या संगीतात त्यांच्या रचना महाराष्ट्रभर पोचल्या, पुढे यशवंत देवांच्या चालींवर उत्तरा केळकरांनी गायल्या. गोड आहेत, मीही ऐकतो. पण त्या तबकड्या चित्रपटसंगीताचं साधन आहेत, लेवा बोलीच्या उच्चारांचं नाहीत. प्रबंधात हा फरक विसरलात तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

सीडीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे फारसं ठरवायचं नसतं. सीडीवर आकडेच आहेत, १६ बिट, ४४,१००. ते तसेच्या तसे उचलायचे. २४ बिट निवडलं तर प्रत्येक आकड्यापुढे आठ शून्यं चिकटतात, दुसरं काही होत नाही. ४८,००० केलं तर उलट आकडे बदलतात. आवाज वाढवायचा नाही, ‘नॉर्मलाइझ’ला हात लावायचा नाही. चुका तपासून पुन्हा पुन्हा वाचणारं सॉफ्टवेअर वापरा आणि दोनदा उचलून दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का ते बघा. फक्त एक सावधगिरी: आपल्याकडच्या जत्रेत, बसस्टँडवर ज्या अहिराणी गाण्यांच्या आणि मालेगावच्या विनोदी चित्रपटांच्या चकत्या विकल्या गेल्या त्यांतल्या पुष्कळ व्हीसीडी किंवा एमपी-३ आहेत. दिसायला सीडीसारख्याच, पण आत दाबलेला आवाज. त्याला बिट डेप्थ असा ठराविक आकडाच नसतो. ती फाइल उलगडून वेव्ह बनवण्याआधी मूळ फाइल कॉपी करून ठेवा, तीच तुमचं साधन. आणि जुन्या गाण्यांची सीडी म्हणजे तबकडीची प्रत असं समजू नका. कंपनीनं खरखर काढलेली असते, कधी वेगही बदललेला असतो. तीच रचना ७८ वर आणि सीडीवर मिळाली तर दोन्ही ठेवा, दोन साक्षीदार म्हणून.

तबकडीसाठी मी आता काय करतो: जागतिक ध्वनिसंग्रहालयांच्या संघटनेची, आयएएसएची, शिफारस किमान ४८,००० आणि २४ बिट अशी आहे, शक्यतो ९६,०००. मी ९६,००० आणि २४ वापरतो. यात २४ बिट खरे मिळत नाहीत बरं. उत्तम यंत्रसुद्धा २०-२१ बिटांपुढे स्वतःच्याच इलेक्ट्रॉनिक गोंगाटात बुडतं. पण मला ते बिट बारकाईसाठी नकोच आहेत, पातळी निवांत खाली ठेवता यावी म्हणून हवेत. सर्वात मोठा टक् सुद्धा माथ्याला लागणार नाही इतकी खाली. ७८ ची एक बाजू तीन मिनिटांची, दोन्ही चॅनेल मिळून साधारण १०४ एमबी. एलपीची वीस मिनिटांची बाजू सुमारे ६९१ एमबी. साठवण आता इतकी स्वस्त झालीय की या आकड्यासाठी बिट वाचवणं म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं आहे. तबकडी मोनो असली तरी दोन्ही चॅनेल ठेवा. खोबणीच्या दोन भिंती सारख्या झिजलेल्या नसतात, एक भिंत बरी निघते. ३२ बिट फ्लोट हे संगणकात काम करताना छान, उतरवताना त्यानं मोजमाप सुधारत नाही.

आणि उतरवण्याआधी मोजा. सुई गाण्याआधीच्या रिकाम्या खोबणीत असताना पाच सेकंद घ्या, त्याची सरासरी पातळी बघा, मग गाण्याच्या शिखराची बघा. वजाबाकी करून सहाने भागा. तुमच्या हातातल्या त्या एका तबकडीचं उत्तर येईल, पुस्तकातलं नाही. हा आकडा, सुईची जाडी, फिरण्याचा वेग, लेबलावरचा आणि मेणासारख्या गुळगुळीत मधल्या भागावर कोरलेला क्रमांक, सगळं फाइलीसोबत एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवा.

मामांकडच्या तबकड्यांचे तुकडे मी टाकले नाहीत. लेबलं शाबूत आहेत. त्यांवरून क्रमांक मिळाले, आणि त्या क्रमांकांच्या इतर प्रती संग्राहकांकडे असू शकतात. मुंबईत १९९० पासून काम करणारी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही जुन्या तबकड्यांसाठी विचारायची जागा आहे. माझ्या यादीत अकरा क्रमांक होते. आतापर्यंत चार सापडलेत. त्यातल्या एका प्रतीवर माझ्या एमपी-३ मध्ये नसलेलं काहीतरी आहे: गाणं संपल्यावर, शेवटच्या खरखरीत, कोणीतरी अगदी हळू आवाजात एक शब्द बोलतं. माझ्या फिल्टरनं तो खरखर समजून पुसला होता. शब्द काय आहे ते अजून लागत नाही, पण तो २४ बिटांत ठेवलाय.